दवाखान्यासाठी ठेवलेलं सोनं सुटत नाही

वहाळ (दापोली)

आमच्या पतसंस्थेत सोनेतारणाच्या फॉर्मवर 'कर्जाचे कारण' असा एक रकाना असतो. तो कुणी वाचत नाही, ऑडिटरसुद्धा नाही. मी काउंटरला बसतो म्हणून मला वाचावा लागतो, आणि बरीच वर्षं वाचून डोक्यात एक गोष्ट पक्की बसली आहे.

कोकणातलं सोनं मोसमाप्रमाणे फिरतं. पावसाळ्यात कल्टारसाठी (आंब्याला मोहोर यावा म्हणून घालतात ते औषध) आणि दिवाळीनंतर फवारण्यांसाठी बागवाले येतात. जूनमध्ये होडीवाले येतात, कारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, आणि त्याच दोन महिन्यांत इंजिन खोलायचं, जाळी दुरुस्त करायची. हे सगळं सोनं सुटतं. बागेचं आंबा संपला की, होडीचं नवरात्राच्या आसपास. काही घरं तर गणपतीत सुनेच्या अंगावर दागिना दिसला पाहिजे म्हणून हातउसने करून सोडवतात आणि गौरी गेल्या की परत आणून ठेवतात. मला त्यांचं कौतुक वाटतं, फक्त माझं काम दुप्पट होतं.

'वैद्यकीय' असं कारण लिहिलेलं सोनं मात्र सुटताना मी फार कमी पाहिलंय. व्याज भरून नूतनीकरण, पुन्हा नूतनीकरण, मग नोटीस, मग लिलाव. बागेच्या कर्जामागे मोहोर असतो, होडीच्या कर्जामागे मोसम असतो. दवाखान्याच्या कर्जामागे काहीच नसतं. ज्याच्या कमाईतून फेडायचं तोच खाटेवर.

एक घर सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. माणूस खलाशी, पंचेचाळिशीच्या पुढचा. ऑगस्टमध्ये मोसम सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, पहाटे जेटीवरच कलंडला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सोबतच्यांनी रिक्षात घालून जवळच्या नावाजलेल्या खासगी इस्पितळात नेलं. तिथे आधी ५० हजार डिपॉझिट. नौकेच्या मालकाने २० हजार उचल दिली, बाकीचे वाडीतून जमले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सांगितलं, मुंबईला हलवा. कार्डियाक अँब्युलन्स, मग मुंबईत आयसीयू. घरी आणेपर्यंत चार लाखांच्या वर खर्च. यातल्या कुठल्याही इस्पितळात कुठलीही सरकारी योजना लागू नव्हती आणि मेडिक्लेम हा शब्द त्या घरात पोचलेलाच नाही.

बायको पहिल्यांदा आली तेव्हा पाटल्या घेऊन आली. दुसऱ्यांदा कुड्या. तिसऱ्यांदा मंगळसूत्र. मंगळसूत्र तारण घेताना काळ्या मण्यांचं वजन वजा करावं लागतं, त्यामुळे ते तिच्यासमोरच तोडून मणी बाजूला करतात. ती म्हणाली, "मणी मला द्या, दोऱ्यात ओवते." इतकंच.

जमीन आहे की, असं कुणी म्हणेल. सातबाऱ्यावर तीसच्या वर नावं आहेत. निम्मी मेलेली, वारसनोंद नाही. उरलेली विरार, डोंबिवली, बडोदा. फाळणी नाही, पोटहिस्सा मोजलेला नाही. असला हिस्सा कुणी गहाण घेत नाही, विकत घेतलाच तर निम्म्या भावाने. त्यांच्या वाट्याला वहिवाटीने आलेली आंब्याची दहा-बारा कलमं आहेत, ती व्यापाऱ्याला पाच वर्षांच्या कराराने गेली. आणि मालकाची उचल फेडायला थोरला मुलगा आयटीआय सोडून बापाच्याच नौकेवर चढला.

तुमच्याकडे अशा वेळी लोक काय करतात, ते विचारायला हा धागा काढला. 'सरकारने काहीतरी करायला हवं' याच्या पुढचं कुणाला काही माहीत असेल तर लिहा.

---

रातांबा (पुणे)

वाईट वाटलं वाचून. पण थोडं कडू बोलतो. घरात दोन स्मार्टफोन असतात, रिचार्ज होतात, शिमग्याला पालखीपुढे फटाके लागतात. मग वर्षाचा एक विमा हप्ता का जमत नाही? आता तर वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला. आपल्याकडे आजारपण ठरवून येत नाही हे मान्य, पण विचार करायचाच नाही हे आपण ठरवूनच करतो.

आणि चित्र अगदीच काळं नाही. देशाच्या आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४ वर आला.

---

सुरंगी (रत्नागिरी)

रातांबा, हप्त्याचा हिशोब जरा मांडूनच बघा. पंचेचाळिशीतला नवरा, बायको, दोन मुलं, पाच लाखांची पॉलिसी. एजंट वीस हजारांच्या पुढचाच आकडा सांगतो. त्यात म्हातारी आई नाही. तिला घातलं की आकडा दुप्पट. नवऱ्याला आधीच बीपी असेल तर त्याच्याशी संबंधित आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकतात (आधी ही मर्यादा चार वर्षं होती, एप्रिल २०२४ पासून तीन). म्हणजे ज्या आजाराची भीती आहे त्यासाठी पहिली तीन वर्षं नुसता हप्ता भरायचा. खलाशाला पगार नसतो, मोसमाचा हिशोब असतो. ज्या वर्षी वादळांत मोसम जातो त्या वर्षी हप्ता चुकला की पॉलिसी बंद आणि आधीचे भरलेले पाण्यात. ते लोक मूर्ख नाहीत. त्यांनी गणित केलेलं असतं, तुमच्यासमोर करत नाहीत एवढंच.

आणि शिमग्याच्या फटाक्यांवर का घसरता? ते गावकीच्या वर्गणीचे असतात.

---

वहाळ (दापोली)

रातांबा, तुमचे टक्के खरे असतील, मी भांडत नाही. पण खिशातला वाटा मोजताना बुडालेली मजुरी धरत नाहीत. आयटीआय सोडलेला पोरगा कुठल्या रकान्यात बसतो? पाच वर्षांसाठी गेलेली कलमं?

---

पाणंद (चिपळूण)

मी काही वर्षं एका इस्पितळात आरोग्यमित्र म्हणून काम केलं आहे. म्हणजे सरकारी आरोग्य योजनेतल्या इस्पितळात दाराजवळ टेबल टाकून बसलेला तो माणूस, ज्याला लोक चहावाल्याचा पत्ता विचारतात. वहाळ यांनी सांगितलेल्या घराचं काय झालं असेल ते मला न बघता दिसतंय.

राज्याची योजना जुनी आहे. २ जुलै २०१२ ला ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला रायगड होता. रत्नागिरी-सिंधुदुर्गला पुढच्या वर्षी आली. तेव्हा राजीव गांधी जीवनदायी, आता महात्मा फुले जन आरोग्य. सुरुवातीला कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं कवच होतं, म्हणून लोकांच्या डोक्यात अजून 'दीड लाखात काय होतंय' हेच बसलंय. १ जुलै २०२४ पासून ते पाच लाख आहे आणि पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही रेशनकार्ड चालतं. तुमच्या खलाशाकडे केशरी कार्ड असणारच. मग पैसे का गेले?

पहिलं कारण, पहिली रात्र. माणूस पडला की कुठे न्यायचं हे रिक्षावाला, अँब्युलन्सवाला, नाहीतर मुंबईचा कोणी मेहुणा फोनवरून ठरवतो. योजना प्रत्येक इस्पितळात नसते, आणि जिथे असते तिथेही सगळ्या आजारांना नसते. एखादं इस्पितळ हाडांसाठी यादीत असेल, मेंदूसाठी नसेल. बिगरयोजनेच्या इस्पितळात भरलेलं बिल नंतर परत मिळत नाही. कागद घेऊन नंतर आमच्याकडे येणारी माणसं मी रोज बघायचो, आणि नाही म्हणायचं काम माझं.

दुसरं कारण कार्डावरची नावं. सून लग्न होऊन आली, माहेरच्या कार्डावरून नाव कमी केलं, सासरच्या कार्डात घालायचं राहिलं. मुलगा पंधरा वर्षांचा झाला तरी त्याचं नाव नाही. वेगळं कार्ड करायचं तर भाऊ नाराज. रेशनचं धान्य कुणाचं नाव नसलं तरी घरात शिजतं, त्यामुळे कुणाचं अडत नाही. अडतं ते इस्पितळाच्या टेबलावर.

तिसरं कारण सांगायला लाज वाटते, पण खरं आहे. योजनेत असलेलं इस्पितळसुद्धा सगळ्यांना आपणहून सांगत नाही. "योजनेचा बेड नाही, कॅशमध्ये लगेच घेतो" हे वाक्य मी कानाने ऐकलंय. नातेवाईक घाबरलेला असतो, तो सही करतो.

तातडीच्या केसला आधी फोनवरून मंजुरी घेता येते, कागद मागून दिले तरी चालतं. योजनेतून उपचार होताना रुग्णाकडून डिपॉझिट घ्यायचं नसतं. पॅकेजमध्ये रुग्णाचं जेवण, घरी गेल्यावर दहा दिवसांपर्यंतची औषधं, इतकंच काय परतीचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंही धरलेलं असतं. किती जणांना ते भाडं मिळालं हे विचारू नका. इस्पितळ यादीत आहे का, कुठल्या आजाराला, हे १५५३८८ वर विचारता येतं. हा नंबर पडायच्या आधी विचारायचा असतो, पडल्यावर कुणाला सुचतो?

---

खाजणातलो (दोडामार्ग)

आमच्याकडे माणूस आजारी पडलो की 'खंय न्यायचो' ह्यो प्रश्नच नसता. बांबोळीक, गोयच्या सरकारी मेडिकल कॉलेजात. कोल्हापूर घाटापलीकडे, मुंबय लांब, गोवा दारात. आमच्या जिल्ह्यात ओरोसाक मेडिकल कॉलेज इला ता २०२१ त. पूर्वी बांबोळीक गोयकारांसारख्याच आमकाव फुकट बघीत. जानेवारी २०१८ पासून भायरच्यांका पैशे लावले, तेव्हा हय आंदोलना झाली, मगे महाराष्ट्राची योजना थंय लागू करूची बोलणी झाली. माका त्यात राजकारण करूचा नाय.

सांगूचा ह्या, की त्या सगळ्या गडबडीत आमच्या वाडीतलो एक काजूवालो 'सगळा मिटांदे, मगे जावया' म्हणान घराकडेच रवलो. पोटात दुखी आधीच होती. आंदोलन मिटला. तेचो कॅन्सर काय थांबान रवलो नाय. पैशे किती लावले ह्याच्यापेक्षा 'पैशे लावतत' ह्या नुसत्या आयकान किती जण घराकडे रवले, ता कोण मोजतलो?

---

डॉ_कातळ (लांजा)

खाजणातलो यांनी नेमकं लिहिलं. मी तालुक्याच्या ठिकाणी साधी प्रॅक्टिस करतो. आमच्याकडे 'नंतर'ची एक ठरलेली यादी असते. आंबा झाल्यावर. लावणी झाल्यावर. गणपती झाल्यावर. शिमगा झाल्यावर. बाई छातीतली गाठ दाखवते तेव्हा ती गाठ तिला कधी लागली हे मी विचारतो, आणि उत्तर महिन्यात येत नाही, सणांत येतं. "मागच्या गौरीला लागली होती हाताला." म्हणजे वर्ष गेलं. घरात कुणाला सांगितलं का? नाही, कारण सांगितलं असतं तर नेलं असतं, आणि नेलं असतं तर मुलीचं कॉलेज थांबलं असतं. मिश्री लावणाऱ्या बायकांच्या तोंडातल्या जखमांचंही तेच. जेवताना झोंबतं म्हणून तिखट सोडतात, दवाखान्यात येत नाहीत.

लोक म्हणतात अज्ञान. मी नाही म्हणत. ती बाई स्वतःवर किती खर्च करायचा याचा निकाल माझ्याकडे यायच्या आधी लावून आलेली असते. मी फक्त शिक्का मारायला असतो.

त्या खलाशाबद्दल दोन गोष्टी. रक्ताच्या गाठीने येणाऱ्या झटक्यात गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन करून, रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. बंदरावरून उचलून, डिपॉझिट जमवून, सीटीच्या गावाला पोचेपर्यंत हे तास संपतात. डिपॉझिटसाठी वाडीत फिरण्यात गेलेला एक तास म्हणजे कदाचित त्याचा उजवा हात. हे कुठल्याही बिलावर लिहिलेलं नसतं.

दुसरं म्हणजे बीपीची गोळी. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती फुकट मिळते. पण केंद्र उघडं असतं तेव्हा हा माणूस समुद्रात, आणि हा किनाऱ्यावर येतो तेव्हा केंद्र बंद. मग मेडिकलमधून दहा गोळ्यांची पट्टी, आणि ती वीस दिवस पुरवायची. अर्धी-अर्धी. माझे निम्मे पेशंट असंच घेतात आणि मला सांगत नाहीत.

---

चाकरमानी_परळ

थोडा जुना संदर्भ देतो. माझे आजोबा गिरणीत होते. त्यांच्याकडे ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड होतं. परळच्या कामगार रुग्णालयात आजीचं मोठं ऑपरेशन झालं आणि आजोबांनी एक दमडी दिली नाही. उलट आजोबा स्वतः आजारी पडले तेव्हा रजेच्या दिवसांचे पैसे मिळाले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, गिरणी गेली, पगार गेला. सगळे पगाराबद्दल बोलतात, कार्डाबद्दल कुणी बोलत नाही. कोकणातल्या हजारो घरांचं दवाखान्याचं छत्र त्या कार्डावर होतं आणि ते मनीऑर्डरीबरोबरच थांबलं. आज त्यांचा नातू, म्हणजे माझा चुलतभाऊ, गाडीवरून पार्सलं पोचवतो. त्याला कसलंच कार्ड नाही. ईएसआयची पगाराची मर्यादा २१ हजार आहे, पण तिथे नोकरी असावी लागते, आणि हा नोकरीत धरलाच जात नाही.

दुसरं एक गेलं ते म्हणजे गावकीच्या खोल्या. लालबाग, परळ, शिवडी, प्रत्येक गावाची एक खोली असायची. दहा बाय बारात वीस पुरुष, पाळ्यांत झोपणारे. गावाहून कुणी टाटाला नाहीतर केईएमला आलं की तिथेच उतरायचं, खानावळीत जेवायचं, कुणीतरी सुट्टी टाकून केसपेपर काढायला सोबत जायचं. त्या चाळींच्या जागी आता टॉवर आहेत. आता गावचा पेशंट आला की आम्ही सगळे बदलापूर-विरारला. तिथून परळला केमोसाठी पहाटेची लोकल धरून न्यायचं? केमो झालेल्या माणसाला? मग दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर समिती, तिथे जागा नसेल तर हिंदमाताच्या बाजूचा फुटपाथ. फुटपाथवर झोपलेल्यांमध्ये एकदा आमच्याच पंचक्रोशीतली भाषा ऐकू आली तेव्हा मी थांबलो. गुहागरचे नवराबायको. उपचार जवळजवळ फुकट चालले होते. राहायला जागा नव्हती म्हणून तो तिला घेऊन परत जायच्या विचारात होता.

मंडळाने वर्गणी काढली, हेही सांगतो. पूर्वी वही घेऊन फिरावं लागायचं, आता व्हॉट्सअॅपवर क्यूआर टाकला की दोन दिवसांत वीस-तीस हजार जमतात. पण वाडीत एका वर्षात तिसरा आजार निघाला की तोच क्यूआर टाकायला अध्यक्षांचा हात धजत नाही. आणि ज्या घराने मागच्या वर्षी वर्गणी दिली नाही त्याच्यासाठी काढायची का, यावर मीटिंगमध्ये जे होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कॅन्सरच्या पेशंटला रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टायर एसीचं पूर्ण भाडं माफ असतं, सोबतच्या एकालाही त्याच डब्यांत ७५ टक्के सवलत. इस्पितळाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. कोकणकन्येने येणाऱ्या कित्येकांना हे ठाऊक नसतं.

---

रातांबा (पुणे)

मी वर जे लिहिलं ते मागे घेत नाही. ज्यांना विमा परवडतो आणि तरी घेत नाहीत असे माझ्याच नात्यात पन्नास आहेत. बागायतदार, दोन गाड्या दारात. ते पडले की तेसुद्धा फिक्स्ड डिपॉझिट मोडतात. पण खलाशाचा मुद्दा वेगळा, तिथे सुरंगीताईंचं मान्य.

---

बकुळ

नेहमी वाचते, लिहीत नाही. आज लिहिते.

बाबांच्या किडन्या निकामी झाल्या. डायलिसिस योजनेतून फुकट होतं, हे आधीच सांगते, म्हणजे कुणी विचारायला नको. आमच्या गावाहून सेंटर दीड तासावर. आठवड्यातून दोनदा. एसटीच्या वेळा जमत नाहीत, डायलिसिसनंतर ते बसून येऊ शकत नाहीत, म्हणून ओमनी भाड्याने. फुकटच्या उपचाराचं भाडं महिन्याला मोठ्या भावाच्या निम्म्या पगाराएवढं. सोबत एक माणूस पूर्ण दिवस, म्हणजे धाकट्याची रोजंदारी बुडाली. शिवाय वेगळं जेवण, इंजेक्शनं, मधूनच ताप आला की खासगीत भरती.

पहिले चार महिने सगळे एक होते. मग थोरल्याने वही सुरू केली. कोण किती देतं. वहिनीचं म्हणणं चूक नव्हतं, तिलाही दोन मुलं आहेत. धाकटा म्हणायचा, मी पैसे देत नाही पण दिवस देतो, ते वहीत कुठे लिहितोस? मग एक दिवस विहिरीकडच्या तुकड्याची गोष्ट निघाली. थोरला म्हणाला, माझे एवढे गेले, तो तुकडा माझ्या नावावर करा. त्यासाठी आम्हा दोघी बहिणींच्या हक्कसोडीच्या सह्या लागणार. २००५ च्या दुरुस्तीने मुलींचा हिस्सा आला हे सगळ्यांना एरवी आठवत नाही, अशा वेळी बरोबर आठवतं. मी सही केली. बहिणीने नाही केली. तिचंही चूक नव्हतं, तिच्या नवऱ्याच्या बायपासचं कर्ज होतं.

हे बोलणं ओटीवर चाललं होतं आणि बाबा पडवीत झोपले होते. झोपले नव्हते. पुढच्या मंगळवारी गाडी दारात आली तेव्हा ते म्हणाले, मला आज बरं वाटतंय, आज नको. शुक्रवारीही तेच. आम्ही खूप समजावलं, डॉक्टरांचा फोन लावून दिला. त्यांनी डॉक्टरांशी गप्पा मारल्या, पावसापाण्याचं विचारलं. पंधरवड्यात गेले.

तेराव्याला दोघे भाऊ एका पंक्तीला बसले नाहीत. आता घरात दोन चुली आहेत आणि गणपती एका वर्षी याच्याकडे, एका वर्षी त्याच्याकडे. वही थोरल्याकडेच आहे. इतका हिशोब लिहिला त्यात बाबांनी नकार दिल्यामुळे किती वाचले, तेही कुणीतरी मनात मांडलं असणार. मीसुद्धा.

---

सुरंगी (रत्नागिरी)

बकुळ 🙏 काय लिहू.

---

नोटरी_नाही (मुंबई)

बकुळताईंच्या पोस्टनंतर कायद्याचं लिहिणं रुक्ष वाटेल, पण वहाळ यांनी उपयोगाचं विचारलंय म्हणून लिहितो. वकील आहे, पण ही फुकटची माहिती समजा.

धर्मादाय नोंदणी असलेल्या इस्पितळांना, आणि मुंबई-पुण्यातली बरीच मोठी चकचकीत इस्पितळं कागदावर धर्मादाय आहेत, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ कक लागू आहे. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. बिलांच्या रकमेतून २ टक्के बाजूला काढून त्यासाठी वेगळा निधी ठेवायचा असतो. तातडीच्या रुग्णाला डिपॉझिटसाठी अडवायचं नाही, आधी दाखल करून जीव वाचवायचा, हेही त्यातच आहे. रेशनकार्ड किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन इस्पितळाच्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटायचं, बिलिंग काउंटरला नाही. काउंटरवरच्या मुलीला हे माहीत नसतं, किंवा माहीत नसल्यासारखं वागायला सांगितलेलं असतं. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

दुसरं. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवता येत नाही. शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्ती झाली तेव्हा रुग्णहक्कांची सनद आली, त्यात हे आहे. माझ्याकडे आलेल्या एका केसमध्ये मुलाने बापाचा देह सोडवायला सावकाराकडून रात्री ११ वाजता पैसे आणले होते. टक्का विचारल्यावर म्हणाला, विचारलाच नाही.

---

सडा_गोपुर (राजापूर)

सगळे योजना योजना करतात. आमच्याकडे आधी गुरवाकडे (देवळाच्या पुजाऱ्याकडे) जाऊन कौल लावतात, म्हणजे देवाला विचारतात. देवाने उजवा दिला तर ऑपरेशन. याच्यावर पण बोला ना.

---

डॉ_कातळ (लांजा)

बोलतो. माझा अनुभव असा की ज्याच्या घरी पैसे आहेत त्याला देव बहुतेक लगेच उजवा देतो. ज्याच्याकडे नाहीत, तो कौल पुन्हा पुन्हा लावत राहतो, कारण पैसे जमेपर्यंत वेळ काढायला तेवढं एकच सन्मानाचं कारण असतं. "देवाने अजून सांगितलं नाही" हे "पैसे नाहीत" यापेक्षा बोलायला सोपं. गुरवांना उगाच दोष देऊ नका. आमच्या गावच्या गुरवाने छातीत दुखणाऱ्याला कौल न लावताच माझ्याकडे हाकललं होतं.

---

पाणंद (चिपळूण)

वहाळ, त्या घराचं आता काय करता येईल ते बघू. गेलेले चार लाख गेले, ते धरून बसू नका. त्याला पुढे फिजिओथेरपी लागेल, ती जिल्हा रुग्णालयात बघा. रत्नागिरीला २०२३ पासून मेडिकल कॉलेज आहे, पूर्वीपेक्षा बरं आहे. दापोलीहून दर वेळी खलाशाला घेऊन जाण्यापेक्षा मुलाला नौकेवरून एक दिवस सोडवा आणि त्याला व्यायाम शिकवून आणा, रोज घरी करता येतात. खलाशाचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढा. पुन्हा झटका येऊ शकतो, म्हणून कार्डात सगळ्यांची नावं आहेत का ते आधी तपासा. घरात सत्तरीपुढचं कुणी आहे का? असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता पाच लाखांपर्यंत उपचार आहेत. फक्त इस्पितळ यादीतलं हवं.

---

वहाळ (दापोली)

गेल्या आठवड्यात बायको व्याज भरायला आली होती, तेव्हा हे सगळं तिला कागदावर लिहून दिलं. तुमची परवानगी न घेता पोस्टची प्रिंट काढली, राग मानू नका. कार्ड बघितलं तर पाणंद म्हणाले तेच. सासू, नवरा, मुलगा यांची नावं आहेत. हिचं स्वतःचं नाही, बारावीतल्या मुलीचं नाही. लग्नाला वीस वर्षं झाली. ती म्हणाली, "मी कुठे आजारी पडतेय."

सासू ७२ वर्षांची. वय वंदनासाठी सेतूत नेली, पण जन्मभर कोळंबी सोलून बोटांचे ठसे गेलेत, मशीन घेत नाही. ओटीपी ज्या नंबरवर जातो तो मोबाईल नौकेवर मुलाकडे, आणि खोल समुद्रात रेंज नाही. सेतूवाला म्हणतो आधार अपडेट करून या. आधार अपडेटला पुन्हा ठसे.

पाणंद, याला काही मार्ग आहे का?

---

पाणंद (चिपळूण)

आहे. चेहऱ्यावरून पडताळणी होते, आयुष्मान अॅपमध्ये तो पर्याय असतो. सेतूवाल्याला माहीत नसेल तर आशाताईंना गाठा, गावात कार्डं काढायचं काम त्याच करतात. म्हातारीला उजेडात बसवा, चष्मा काढायला लावा, डोळे मिचकवायला सांगतात तेव्हा मिचकवू दे. हिच्या आणि मुलीच्या नावासाठी पुरवठा शाखेत अर्ज करा. मुलीचा जन्मदाखला आणि शाळेचा बोनाफाईड, आणि हिचं माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला. माहेर कुठलं?

---

वहाळ (दापोली)

मुरुड-जंजिरा. दाखला वीस वर्षांपूर्वी काढला होता म्हणते, पावसात घर गळलं तेव्हा गेला. दुसरा काढायला रायगडात जावं लागेल ना?

---

खारफुटी (अलिबाग)

मुरुड तहसीलला माझं कामानिमित्त जाणं असतं. बाईंचं लग्नाआधीचं नाव आणि वडिलांच्या कार्डाचा नंबर असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा. नंबर नसेल तर गाव आणि रेशन दुकान कुठलं होतं तेवढं तरी विचारून ठेवा, रजिस्टरमधून निघतं. बुधवारी आहे मी तिकडे.